लोणारचे पाणी आणि सामायिक प्रयोगशाळेची मान्यता

लोणार सरोवराच्या पाण्याचा सामू बहुतेक नोंदींत 10 च्या आसपास आढळतो. हा आकडा विद्यार्थ्यांना पाठ असतो. परंतु तो देणाऱ्या यंत्राचे अंशशोधन कोणत्या द्रावणांनी केले होते, हे क्वचितच कोणी विचारतो. सामूमापक 4 आणि 7 या बफर द्रावणांवरच लावून घेतला असेल, तर 10 हे वाचन मापन नसून अनुमान होय. शिवाय या पाण्यात सोडियमचे क्षार विपुल आहेत. अशा द्रावणात काचेचा साधा विद्युदग्र सोडियमच्या आयनांनाही दाद देतो व सामू प्रत्यक्षाहून कमी दाखवितो.

यंत्र एकाच संशोधकाच्या हाती असते तेव्हा त्याच्या खोडी त्यास ठाऊक असतात. सामायिक केंद्रात नमुना पाठविणारा एक, यंत्र चालविणारा दुसरा आणि क्वचित प्रबंधात आकडा लिहिणारा तिसराच. या तिघांमधील विश्वास कागदावर आणावयाचा, म्हणून मान्यतेची योजना. भारतात हे कार्य एनएबीएल ही संस्था आयएसओ/आयईसी 17025 या मानकानुसार करते. ही मान्यता विद्यापीठास किंवा यंत्राच्या किमतीस मिळत नाही. ठराविक पदार्थ, ठराविक पद्धत व ठराविक मापनकक्षा एवढ्यापुरतीच ती असते. पिण्याच्या पाण्याच्या परीक्षणास मान्यता असलेल्या केंद्राने लोणारच्या क्षारजलाविषयी दिलेला अहवाल त्या मान्यतेच्या छत्राखाली येतोच असे नाही. भिंतीवरील चौकट पाहून आपण निश्चिंत होतो; सोबतचे व्याप्तिपत्रक मात्र वाचीत नाही.

तथापि मान्यतेकडून भलतीच अपेक्षाही करू नये. लोणार विवराचे वय 1997 मध्ये तापदीप्ती पद्धतीने सुमारे 52,000 वर्षे, तर 2011 मध्ये आर्गॉन समस्थानिकांवरून सुमारे 5,70,000 वर्षे, अधिकउणे 47,000, असे प्रसिद्ध झाले. अंतर दहापटींहून अधिक! यंत्रातील सामान्य दोषाने एवढी तफावत पडत नाही. अधिकउणे म्हणून दिलेला आकडा मापनाची अनिश्चितता सांगतो. आघाताच्या क्षणी खडकातील घड्याळ खरोखर शून्यावर आले होते काय, किंवा पुढे ते पुन्हा बिघडले काय, हा प्रश्न भूविज्ञानाचा आहे. मान्यता त्यास स्पर्श करीत नाही.

म्हणून नमुन्यासोबतच्या अर्जात अपेक्षित सामू व क्षारता लिहावी, अपेक्षित वाचनाच्या खाली व वर अशा दोन बफर द्रावणांनी अंशशोधन मागावे, आणि नमुन्याचा काही भाग आपल्यापाशी राखून ठेवावा.