खानदेशातील दुष्काळ : परस्परावलंबी व्यवस्था आणि जोखमीचे व्यवस्थापन

प्रस्तावना

महाराष्ट्रात दुष्काळ ओळखण्याचे साधन म्हणून पैसेवारीचा दीर्घकाळ वापर झाला. पैसेवारी पिकाचे उत्पन्न मोजते; विहिरीची पातळी, धरणातील साठा किंवा गोठ्यातील चारा तिच्यात दिसत नाही. शिवाय खरिपाची अंतिम पैसेवारी डिसेंबरात हाती येते, तोवर जनावरे बाजारात गेलेली असतात. दुष्काळ व्यवस्थापन संहिता २०१६ ने पर्जन्यमानासोबत पेरणीक्षेत्र, वनस्पतींची स्थिती, मृदेतील ओलावा व जलस्थिती हे निर्देशक आणले. त्यांच्या आधारे ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यांत जळगाव व धुळे जिल्ह्यांतील अनेक तालुके होते. ही सुधारणा स्वागतार्ह असली तरी तिचे एकक तालुका हेच आहे. पाणी, चारा, वीज आणि पतपुरवठा तालुक्याची हद्द पाळत नाहीत.

संकटाचा प्रवास

गिरणेचे उदाहरण बोलके आहे. गिरणा धरण नाशिक जिल्ह्यातील नांदगाव तालुक्यात, तर त्याचे लाभक्षेत्र मुख्यतः जळगाव जिल्ह्यात आहे. वरच्या बाजूस चणकापूर, हरणबारी व केळझर ही धरणे असल्याने चाळीसगाव-भडगावात पाऊस किती झाला यापेक्षा कळवण-बागलाणात किती झाला यावर पाटाच्या पाण्याचे भवितव्य ठरते. साठा कमी असला की तो पिण्यासाठी राखून ठेवला जातो आणि सिंचनाची आवर्तने घटतात. हा निर्णय योग्यच. परंतु आवर्तन न आल्याने लाभक्षेत्रातील विहिरींचे पुनर्भरणही थांबते आणि काही महिन्यांत त्याच गावांत पिण्याच्या पाण्याची टंचाई उद्भवते.

दुसरी साखळी कापसाची. खानदेशातील बहुतांश कापूस पावसावर अवलंबून असतो. तो हातचा गेला की जिनिंग-प्रेसिंगचा हंगाम आखूड होतो व मजुरी बुडते. सरकी कमी आल्याने ढेप महागते. त्याच वर्षी ज्वारी-बाजरीचा कडबाही कमी असतो. अशा रीतीने कापसाचे संकट दुधाच्या धंद्यात शिरते आणि तेथून सोसायटीच्या थकबाकीत. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला तरी थकबाकीदाराला पीककर्ज मिळणे कठीण होते. पावसाचा दुष्काळ संपला तरी पैशाचा दुष्काळ संपत नाही, तो असा.

भूजल : उपाय आणि मर्यादा

सातपुड्याच्या पायथ्याचे रावेर व यावल हे तालुके केळीसाठी प्रसिद्ध आणि भूजलाच्या अतिउपशासाठीही परिचित आहेत. ठिबक सिंचनामुळे येथे एकरी पाणी वाचले हे निर्विवाद. मात्र वाचलेले पाणी जमिनीत राहिले नाही. त्यावर आणखी केळी उभी राहिली. केळीसारखे वर्षभर पाणी मागणारे पीक टंचाईतही सोडता येत नाही, म्हणून कूपनलिका खोल जातात व शेजारच्या उथळ विहिरी आटतात. त्यातच उपसा विजेवर, आणि दीपनगरचे औष्णिक वीजकेंद्र पुन्हा तापीवरील हतनूरच्या पाण्यावर चालते.

शिरपूर तालुक्यात २००४ पासून नाले खोल-रुंद करून बंधाऱ्यांची मालिका उभारण्यात आली. तापीच्या गाळाच्या प्रदेशातील चिकणमातीचे थर पाणी मुरू देत नाहीत. ते छेदल्याने विहिरींना पाणी आले. पुढे हा प्रयोग भूस्तराचा विचार न करता इतरत्रही राबविला गेला, हे त्याचे दुर्दैव. पाणी मुरविण्याचा उत्साह सर्वत्र दिसतो, उपशाला मर्यादा घालण्याचा क्वचितच. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २००९ मध्ये खोल विंधन विहिरींवर निर्बंधाची तरतूद असूनही गावपातळीवर तिचा धाक जाणवत नाही.

फड पद्धतीचा धडा

पांझरा व मोसम खोऱ्यांतील फड पद्धतीत मात्र मागणीचे नियमन हाच पाया होता. बंधाऱ्याखालील जमीन फडांत विभागलेली असे. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे आणि पाणी पाटकऱ्याने द्यावयाचे. शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असल्याने पाणी कमी पडून एखादा फड पडीक ठेवावा लागला, तर तोटा सर्वांच्या वाट्याला येई. पुढे वरच्या बाजूस धरणे झाली, वैयक्तिक विहिरी आल्या आणि अनेक फड मोडले. त्या काळी पंपही नव्हते, त्यामुळे ती व्यवस्था जशीच्या तशी परत आणता येणार नाही.

तिचे तत्त्व मात्र गिरणा खोऱ्यात लागू करता येण्याजोगे आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम २००५ मध्ये टंचाईच्या वर्षी वरच्या व खालच्या धरणांत समन्यायी वाटपाची तरतूद आहे. जायकवाडीच्या निमित्ताने ती राज्यभर चर्चिली गेली. पावसाळा संपताच होणाऱ्या पाणी आरक्षणाच्या बैठकीत पाटबंधारे खात्याबरोबर भूजल सर्वेक्षण, पशुसंवर्धन, महावितरण व जिल्हा बँक यांचे आकडे एकत्र मांडले गेले, तर चारापिकासाठी एक आवर्तन राखावे की नाही, हा प्रश्न जनावरे बाजारात जाण्यापूर्वीच विचारता येईल.