रस नको, साल हवी

लिमोन्चेल्लो, म्हणजे लिंबाच्या सालीची इटालियन गोड दारू, पहिल्यांदा कुठं तयार झालं, हा प्रश्न नेपल्सच्या आसपास जपून विचारावा. सोरेंतोची माणसं सांगतील, आमच्याकडच्या बड्या घरांत पाहुण्यांपुढे ते पिढ्यान्‌पिढ्या येतंय. अमाल्फीची म्हणतील, इथं लिंबू आलं तेव्हाच तेही आलं. कुणी पहाटेच्या गारठ्यात होडी लोटणाऱ्या कोळ्यांची गोष्ट सांगेल, कुणी मठातल्या साधूंची. समोरच्या काप्री बेटावरची गोष्ट मात्र नावानिशी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आनाकाप्री गावात मारिया आंतोनिया फाराचे नावाची बाई छोटंसं विश्रामगृह चालवायची. तिच्या बागेत लिंबं होती, आणि त्यांची गोड दारू ती पाहुण्यांना द्यायची, असं सांगतात. पुढे १९८८ मध्ये काप्रीच्याच मास्सिमो कानाले यांनी ‘लिमोन्चेल्लो’ हे व्यापारी नाव नोंदवलं.

या सगळ्यांत कागदावर पक्कं उभं राहतं ते हे शेवटचं वर्ष. जगभरच्या इटालियन हॉटेलांत ‘प्राचीन परंपरा’ म्हणून समोर येणारं हे पेय दुकानांत दिसू लागलं त्याला जेमतेम चाळीस वर्षं होताहेत. घरात ते त्याआधीही होत होतं, यात शंका नाही. पण घरातल्या गोष्टींची नोंद ठेवतो कोण? आपल्याकडे आजीच्या लोणच्याचा मसाला पहिल्यांदा कोणत्या साली कुटला हे कुणी लिहून ठेवत नाही, तसंच ते.

खरं जुनं आहे ते लिंबू. तेही मूळचं इटलीचं नाही. आजच्या अंदाजानुसार महाळुंग आणि आंबट संत्रं यांच्या संकरातून लिंबू जन्मलं, आणि या घराण्याचं माहेर ईशान्य भारत, ब्रह्मदेश, दक्षिण चीन या पट्ट्यात. महाळुंग म्हणजे संस्कृतातलं मातुलिंग, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातलं फळ. पश्चिमेकडे गेलेल्या या मंडळींपैकी लिंबू रोमनांच्या काळात इटलीत पोहोचलं होतं. पाँपेईच्या एका घराच्या भिंतीवर लिंबाची झाडं रंगवलेली आहेत. तेव्हा मात्र ते श्रीमंतांच्या बागेतलं अप्रूप होतं. मळ्यांतून त्याची शेती रुजली ती पुढे अरबांनी सिसिलीत पाटाचं पाणी आणल्यावर.

अमाल्फीच्या किनाऱ्यावर सपाट जमीन जवळजवळ नाहीच. डोंगर थेट समुद्रात उतरतो. त्या उतारावर माणसांनी दगडावर दगड रचून, चुना-सिमेंटशिवाय, बांध घातले, त्यांच्या आड माती भरली आणि पायऱ्या-पायऱ्यांची शेती केली. या पायऱ्यांवर चेस्टनटच्या लाकडाच्या खांबांचे मांडव असतात. झाडाच्या फांद्या त्यावर बांधून पसरवलेल्या. थंडीत, गारांत, खाऱ्या वाऱ्यात फळ खराब होऊ नये म्हणून पूर्वी मांडवावर गवताच्या चटया टाकत; आता बहुतेक ठिकाणी काळ्या जाळ्या आल्या. सोरेंतोचं लिंबू लंबगोल, अमाल्फीचं ‘स्फुसातो’ त्याहून लांबट आणि टोकदार. दोघांनाही युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे, सोरेंतोला २००० सालचं, अमाल्फीला २००१ सालचं. मानांकनातही पुढचा नंबर कुणाचा, यावरून गावागावांत काय बोलणं झालं असेल याची कल्पना करता येते.

ही लिंबं खाली बंदरावर न्यायच्या त्या बायका. ५० किलोंच्या वर वजनाची टोपली खांद्यावर किंवा डोक्यावर घेऊन शेकडो पायऱ्या उतरायच्या, आणि रिकाम्या टोपलीनिशी पुन्हा चढायच्या. लोक त्यांना ‘फोर्मिकेल्ले’ म्हणत, म्हणजे छोट्या मुंग्या. मायोरी आणि मिनोरी या दोन गावांमधली त्यांची वाट आज ‘लिंबांची वाट’ म्हणून पर्यटक हौसेनं चालतात, हातात पाण्याची बाटली घेऊन.

तेव्हा लिंबाचं मोल होतं रसात. १७९५ पासून ब्रिटिश आरमारानं स्कर्व्ही रोखायला खलाशांना लिंबाचा रस नेमानं द्यायला घेतला आणि भूमध्य समुद्राकाठच्या लिंबाला मोठं गिऱ्हाईक मिळालं. एकोणिसाव्या शतकात दक्षिण इटलीतून पेट्याच्या पेट्या अमेरिकेला जात. मग कॅलिफोर्नियात लिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. सायट्रिक आम्लाचा धंदा, जो जवळजवळ इटलीच्याच, मुख्यतः सिसिलीच्या, लिंबांवर चालायचा, तोही गेला: १९१९ मध्ये अमेरिकेत फायझर कंपनीनं साखरेवर बुरशी वाढवून ते आम्ल करायला सुरुवात केली. उभ्या डोंगरावर पिकवलेल्या, डोक्यावरून वाहिलेल्या लिंबाच्या रसाला आता या स्पर्धेत टिकाव कसला?

लिमोन्चेल्लोनं सालीला किंमत आणली, आणि माझ्या मते या पेयाचं खरं कर्तृत्व ते आहे. त्यानं सगळे मळे वाचवले असं मात्र नाही. या पायऱ्यांवर यंत्र चढत नाही, तरुण मुलं चढायला तयार नाहीत, आणि पडीक पायरीचा बांध ढासळला की वरची मातीही खाली येते.

सालच का, तर लिंबाचा सगळा सुवास तिथं असतो. पिवळ्या पापुद्र्यात तेलाच्या सूक्ष्म पिशव्या असतात. साल बोटांत दुमडून मेणबत्तीजवळ दाबली तर उडालेले तुषार चर्रकन पेटतात. हे तेल पाण्यात विरघळत नाही, मद्यार्कात विरघळतं. बाकी सगळी कृती या एका वाक्यातून निघते.

इटलीत ९५-९६ टक्क्यांचा शुद्ध, खाण्यायोग्य मद्यार्क किराणा दुकानात उघड मिळतो. एक लिटरला दहा मोठी लिंबं घ्यायची, मेण न लावलेली, फवारणी न केलेली. ती कोमट पाण्यात घासून धुवायची आणि कोरडी करायची. मग सोलाणं हलक्या हातानं चालवायचं. सालीची पट्टी उजेडात धरली तर आरपार उजेड दिसला पाहिजे. मागे पांढरं दिसलं तर ते सुरीनं खरवडून काढायचं, कारण कडूपणा तिथंच असतो आणि नंतर कितीही साखर घातली तरी तो जात नाही. पट्ट्या मद्यार्कात बुडवून बरणी अंधारात ठेवायची. किती दिवस, यावर घराघरांत वाद: कुणी आठवडा म्हणतं, कुणी महिना. मला विचाराल तर कॅलेंडर बघू नये, साल बघावी. ती फिकट पडून वाळल्या पानासारखी कडक झाली, वाकवताच तुटली, की तिच्यातलं सगळं बरणीत उतरलेलं असतं.

मग दीड लिटर पाण्यात ८०० ग्रॅम साखर विरघळवून पाक करायचा, पूर्ण गार करायचा, आणि गाळलेल्या मद्यार्कात ओतायचा. पाक गरम असताना ओतायची घाई नको, आणि हे सगळं गॅसपासून लांब. इतका तीव्र मद्यार्क पेट घ्यायला वेळ लावत नाही. तयार पेय साधारण ३२ टक्क्यांचं होतं, म्हणून घरच्या फ्रीजरमध्येही ते गोठत नाही, नुसतं दाट होतं.

पाक पडताच तोवरचं पारदर्शक सोनेरी पाणी डोळ्यांदेखत ढगाळतं. मद्यार्क पातळ झाला, तेलाला त्यात राहवेना, म्हणून ते बारीक थेंबांनी बाहेर पडलं. खरी गंमत अशी की हे थेंब एकत्र येऊन वर तरंगायला हवेत, पण महिनोन्‌महिने तसेच राहतात. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या लाउए-लांजवँ संस्थेत शास्त्रज्ञांनी लिमोन्चेल्लोवर न्यूट्रॉनांचा झोत सोडून पाहिलं. थेंब सुमारे १०० नॅनोमीटरचे निघाले, आणि पाण्याचं प्रमाण किंवा तापमान बदललं तरी फारसे बिथरले नाहीत.

आपल्याकडे तो तीव्र मद्यार्क किराण्यात मिळत नाही, आणि इथं एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी: प्रयोगशाळेतलं किंवा रंगाच्या दुकानातलं स्पिरिट या कामाला कधीही वापरू नये, ते विष असतं. साधी व्होडका चालते, ती ४२.८ टक्क्यांची असते. ७५० मिलीच्या बाटलीला पाव किलो साखर आणि पाव लिटर पाणी पुरे. सालीला वेळ जास्त द्यावा लागतो आणि ढगाळपणा कमी येतो. रोजचं कागदी लिंबू मात्र टाळावं. ते वेगळंच फळ आहे, त्याच्या पातळ सालीतून पिवळा पापुद्रा सुटा निघत नाही. जाड सालीचं इडलिंबू मिळालं तर बघावं. इटलीची नक्कल होणार नाही, पण वाईटही होणार नाही.

विकतची बाटली घेताना मागची चिठ्ठी वाचावी. जिन्नस चारच हवेत: साल, मद्यार्क, साखर, पाणी. सालीऐवजी ‘अर्क’ आणि जोडीला पिवळा रंग लिहिलेला दिसला तर बाटली परत फळीवर ठेवावी. २००६ साली डॅनी डेव्हिटो हा हॉलिवूडचा नट आदल्या रात्रीच्या लिमोन्चेल्लोच्या अमलात अमेरिकेच्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात डुलत आला, त्याचा एवढा बोलबाला झाला की पुढच्याच वर्षी त्यानं स्वतःच्या नावाचं लिमोन्चेल्लो बाजारात आणलं. तेव्हापासून फळीवर बाटल्यांची गर्दी बरीच वाढली आहे, आणि चिठ्ठ्यांवरचा मजकूरही.