क्ष-किरणांचें चित्र आणि तज्ज्ञाची सावधगिरी

इ. स. १८९५ च्या नोव्हेंबर महिन्यांत जर्मनींतील वुर्झबुर्ग येथें राँटजेन यांस क्ष-किरणांचा शोध लागला आणि शस्त्र न लावतां जिवंत माणसाचीं हाडें दिसूं लागलीं. परंतु चित्र काढणें निराळें आणि तें वाचणें निराळें. यंत्र चित्र देतें. त्याच्या अर्थाची जबाबदारी माणसाच्याच शिरावर असते.

हें वाचन किती कठीण, हें अमेरिकेंतील गार्लंड या तज्ज्ञानें १९४९ सालीं दाखविलें. छातीच्या सदोष चित्रांपैकीं सुमारें ३० टक्के चित्रांतील दोष अनुभवी तज्ज्ञांच्याहि नजरेंतून सुटत होते. २०१३ सालीं बोस्टन येथील संशोधकांनीं फुप्फुसाच्या सीटी स्कॅनमध्यें मुद्दाम एका गोरिलाची आकृति घातली. ती नेहमींच्या गांठीहून ४८ पट मोठी होती. तरीहि गांठी शोधण्यांत गुंतलेल्या २४ तज्ज्ञांपैकीं २० जणांस ती दिसली नाहीं. त्यांतील निम्म्याहून अधिकांची दृष्टि तर तिच्यावरूनच गेली होती! मन जें शोधतें, तेंच डोळ्यास सांपडतें.

म्हणून प्रत्येक चूक म्हणजे हयगय नव्हे. १९९५ सालीं भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक-संरक्षण कायद्याच्या कक्षेंत आणली. पण निर्णयांतील केवळ चूक ही हयगय ठरत नाहीं, असेंहि त्यानें २००५ सालीं स्पष्ट केलें. वाजवी काळजी घेतली होती काय, हाच खरा प्रश्न.

ही काळजी साध्या संवयींत आहे. चित्रावरील नांव आणि डावी-उजवी बाजू प्रथम ताडून पाहावी. जुनें चित्र शेजारीं ठेवावें. आजची बारीक छाया पूर्वीं होती कीं नव्हती, यावरच पुष्कळदां निदान ठरतें. एक दोष सांपडला म्हणून शोध थांबवूं नये. मोडलेल्या हाडाच्या चित्रांतच दुसरा रोग दडलेला असूं शकतो. आणि कांहीं गंभीर आढळल्यास अहवाल लिहून स्वस्थ बसूं नये. रोग्यास पाठविणाऱ्या डॉक्टरास तत्काळ दूरध्वनीनें कळवावें, व कोणास, केव्हां कळविलें याची नोंद ठेवावी. योग्य निदान लिहिलेलें असूनहि तें वेळेवर न पोंचल्यामुळें रोगी दगावूं शकतो.

यांत घरच्या मंडळींचाहि वांटा आहे. जुनीं चित्रें रद्दींत टाकूं नयेत. तपासणीस जातांना बरोबर न्यावींत, रोगाची हकीकत नीट सांगावी, आणि अहवाल आला कीं तो डॉक्टरांस दाखवावा. ज्या चित्रास मागची हकीकत नाहीं, तें वाचणाऱ्यास अर्धेंच दिसतें.