पेन्शनीनंतरची उमेदवारी

पेन्शन बसली की ओटीवरची आरामखुर्ची गाठावी, असा आपल्या घरांतून रिवाजच पडला आहे. पेण-रोह्याच्या मंडळींनी तरी तो मोडावा. पेण तालुक्यातील गागोद्यास जन्मलेल्या विनोबांनी १९५१ साली भूदानास आरंभ केला, तेव्हा त्यांना ५५ वर्षे पुरी झाली होती; त्या काळी सरकारी नोकरीत हेच निवृत्तीचे वय. रोह्यास बालपण घालविलेले चिंतामणराव देशमुख १९५६ त, साठी उलटल्यावर, अर्थमंत्रिपद सोडून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कामास लागले.

परंतु कचेरीत हुकूम चालतो, ग्रामसभेत मन वळवावे लागते. म्हणून ही उमेदवारी निवृत्तीच्या दोन वर्षे आधीच सुरू व्हावी, असे आम्हांस वाटते. ग्रामसभेस, वाचनालयाच्या बैठकीस जावे व प्रथम मुकाट्याने ऐकावे. हिशेबनिसाने संस्थेच्या वह्या लिहाव्यात. शिक्षकाने मागे पडलेली मुले हाती धरावीत. कायदा जाणणाऱ्याने २००५ च्या माहिती अधिकाराचा अर्ज शेजाऱ्यास लिहून द्यावा. पहिले वर्षभर पद मात्र घेऊ नये, आणि पुढेही तरुणांस पुढे करून आपण पाठीशी राहावे.

घरच्यांनीही त्यांस बाजारहाटापुरते अडकवून ठेवू नये. तीस वर्षांचा अनुभव ओटीवर गंजण्यापेक्षा गावाच्या कामी झिजलेला बरा.