थेरपी कशी वाटते? बाहुलीला विचारा!

फिजिओथेरपी आटोपल्यावर पाच वर्षांच्या मुलाला विचारा, "कसं वाटलं?" उत्तर ठरलेलं: "छान." शेजारी आई, समोर थेरपी देणारी ताई, पोर दुसरं म्हणणार तरी काय? हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची पट्टी पुढे केली, तरी लहान मुलं सर्रास सगळ्यात हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवतात, असं अभ्यासांत दिसलं आहे.

गावाकडची अनेक मुलं थेरपीपर्यंत पोहोचतात ती राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून; तो २०१३ मध्ये सुरू झाला. त्यातली पथकं अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्यांची एकदा तपासणी करतात. बोलायला उशीर, ऐकू न येणं, पायात दोष असं काही आढळलं की पुढच्या उपचारांसाठी मूल जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं जातं. मंठ्याहून किंवा भोकरदनहून एसटीने जालना गाठायचं, व्यायाम करून घ्यायचा, पुन्हा एसटी. त्या दिवशीची मजुरी बुडते ती वेगळीच. एवढ्या धावपळीत मुलाचं मत विचारायचं कुणाला सुचणार? मूलही तोंडाने नको म्हणत नाही. अंग आखडून घेतं, नाहीतर निघायच्या वेळी त्याचं पोट दुखायला लागतं.

इथे भातुकली कामी येते. बाहुलीला पेशंट करायचं आणि ताईची जागा मुलाला द्यायची. मग नुसतं बघायचं. ते बाहुलीचा पाय हळू ताणतं की ओढतं? "रडायचं नाही!" असा दम भरतं, की मध्येच थांबून तिला खाऊ देतं? आपण रोज काय बोलतो, तेही तिथे ऐकू येतं. जरा बोचतंच.

खेळातून मुलांचं मन जाणायची ही कल्पना नवी नाही. लंडनमध्ये मार्गारेट लोवेनफेल्ड या डॉक्टर बाईंनी १९२९ च्या सुमारास वाळूचा ट्रे आणि चिमुकली खेळणी मुलांपुढे ठेवली. मुलं त्यात आपापलं जग मांडत. मोठ्यांनी आपले अर्थ त्यावर लादू नयेत, यावर बाईंचा कटाक्ष होता.

बोलण्यात अडचण असणाऱ्यांसाठी स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठात 'टॉकिंग मॅट्स' तयार झाल्या. चटईच्या एका बाजूला आवडतं, दुसऱ्या बाजूला आवडत नाही, मध्ये सांगता येत नाही. मूल चित्रं उचलून तिथे ठेवतं. आपल्याकडे जुन्या पुठ्ठ्यावरही हे जमेल. चेंडू, आरसा, पायाला लावायचं कॅलिपर यांच्या चित्रांबरोबर एसटीचंही चित्र ठेवावं. व्यायामाचा नव्हे, गाडी लागण्याचाच त्रास असेल, तर तो असाच कळेल.

मात्र एका खेळावरून निकाल लावू नये. बाहुली आपटली म्हणजे थेरपी नकोच असं नाही; सकाळी भावाशी भांडण झालेलं असू शकतं. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा आली, तर दखल घ्यावी.

दिव्यांग मुलांना त्यांच्याशी संबंधित बाबींवर मत मांडण्याचा हक्क २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिला आहे. वय आणि दिव्यांगत्व पाहून त्यासाठी मदत देण्याची जबाबदारीही सरकारवर टाकली आहे. तेव्हा पालकांनो, पुढच्या फेरीला पिशवीत एक बाहुली टाका, आणि खेळात जे दिसेल ते थेरपिस्टच्या कानावर घाला.