पिछाडीवरून लढण्याचा सराव

कुस्तीतली भीती ओळखायची असेल, तर पैलवानाच्या चेहऱ्याकडे पाहू नये, पायांकडे पाहावं. हरण्याची धास्ती घेतलेल्या मल्लाचं वजन टाचांवर जातं, खांदे आखडतात, मुठी नको तितक्या आवळल्या जातात. थोड्याच वेळात हात भरून येतात आणि पट काढायची संधी समोर असूनही तो नुसती खडाखडी करत राहतो. मॅटवर याची उघड शिक्षा आहे. फ्रीस्टाईलमध्ये पंचांनी निष्क्रिय ठरवल्यावर पुढच्या ३० सेकंदांत कुणीच गुण घेतला नाही, तर एक गुण समोरच्याला जातो. हरू नये म्हणून मागे सरणारा असा हरण्याच्याच वाटेला लागतो. त्या क्षणी बाहेरून ‘भिड, घाबरू नको’ असं कितीही ओरडलं तरी शरीर ऐकत नाही; ते सवयीवर चालतं. म्हणून भीतीवरचा इलाज तालमीतच व्हायला हवा, आणि माझ्या मते तो एकच आहे: ज्या अवस्थेची धास्ती वाटते, त्याच अवस्थेतून रोज लढायला लावणं. जोडीदाराने पाय आधीच धरलेला, गुणफलक ०-४, हातात शेवटचं मिनिट. इथून सरावाला सुरुवात.

रिओ ऑलिंपिकमध्ये २०१६ साली साक्षी मलिक कांस्यपदकाच्या कुस्तीत ०-५ अशी मागे पडली होती. दुसऱ्या फेरीत चाल करत राहून तिने ती ८-५ अशी जिंकली. टोकियोत रवी दहिया उपांत्य फेरीत २-९ ने मागे होता. दहा गुणांचा फरक पडला की कुस्ती तिथेच संपते, म्हणजे आणखी तीन गुण गेले असते तर खेळ खलास. तरी त्याने नुरिस्लाम सनायेव्हला चितपट केलं. हे अपवाद आहेत, पिछाडीवरचे बहुतेक मल्ल हरतातच, असं कुणी म्हणेल, आणि ते खरंच आहे. पण मागे पडल्यावरही डाव टाकत राहिलं, तरच अपवादाला जागा उरते.

धाडस उपजतच असावं लागतं, हा समज मात्र मला पटत नाही. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले तेव्हा मातीत तयार झालेल्या या मल्लाला मॅट नवखी होती. ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकलं. धाडस लंडनलाही होतंच, मधल्या काळात मॅट आणि तिचे नियम ओळखीचे झाले होते.

रोज हरवून पोराची उमेद खचेल, ही शंका रास्त आहे. डोईजड जोड दिली तर खचेलच. म्हणून वस्तादाने आधी जोडीदाराला अर्धाच जोर लावायला सांगावा आणि पोराला सुटका जमू लागली की तो वाढवत न्यावा. दुखापतीच्या भीतीला मात्र हा उपाय लावू नये. मान कच्ची असताना पोरगा उचलून टाकण्याच्या डावाला बिचकत असेल, तर त्याला भित्रा म्हणू नये. पडायचं कसं ते शिकवावं, मानेची मेहनत करून घ्यावी आणि तोवर तो डाव बाजूला ठेवावा.