वंशवृक्षाबाहेरची वंशकथा

एका कुटुंबाच्या तीन-चार पिढ्यांचा इतिहास सांगणारी कादंबरी हा पाश्चात्त्य वाङ्मयातील एक प्रस्थापित प्रकार आहे. मराठीत तिला 'वंशकथा' म्हणावे, असे सहज सुचते. परंतु हा शब्द उच्चारताच एक अडचण उभी राहते. आपल्याकडे वंश पुरुषाच्या नावाने चालतो. स्त्री एका वंशात जन्मते आणि दुसऱ्या वंशात जाते. तिच्या नावाने तो पुढे जात नाही. मग स्त्रियांच्या पिढ्यांची कथा लेखकाने कोणत्या सूत्रात ओवावी? हा प्रश्न समाजशास्त्राचा तर आहेच, पण तितकाच तो वाङ्मयीन रचनेचाही आहे. कारण ज्या नात्याला समाजाने नोंदवहीत जागा दिली नाही, त्या नात्यावर कथानक उभे करणे हे काम सोपे नव्हे.

तुलनेसाठी स्कॉटलंडचे उदाहरण घेता येईल. स्कॉटिश कायद्यात विवाहामुळे स्त्रीचे जन्मनाव लोपत नाही. दस्तऐवजांत ते पतीच्या नावाबरोबर लिहिण्याची रीत जुनी आहे आणि थडग्यांच्या शिळांवरही ते कोरलेले आढळते. लुईस ग्रासिक गिबन या लेखकाने 'सनसेट साँग' (१९३२), 'क्लाउड हाऊ' (१९३३) आणि 'ग्रे ग्रॅनाइट' (१९३४) या तीन कादंबऱ्यांतून एका शेतकरी मुलीचे आयुष्य रंगविले. तिचे तीन विवाह होतात, आडनाव तीनदा बदलते. पण वाचकाच्या मनात ती अखेरपर्यंत क्रिस गथ्रीच राहते. तीन संसारांतून जाणारी ही एकच स्त्री त्या कादंबरीत्रयीचा कणा आहे.

महाराष्ट्रातील स्थिती याहून निराळी. येथील अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तान्त छापले. त्यांत पुरुषांच्या शाखा मूळ पुरुषापासून खाली उतरत येतात. सुनेचे माहेर आणि तिच्या वडिलांचे नाव कंसात येते, आणि कन्येचा विवाह नोंदवला की तिची ओळ तेथेच संपते. पुष्कळ घरांत लग्नात मुलीचे पहिले नावही बदलले जाई. अशा नोंदींतून आजी, आई आणि मुलगी यांना जोडणारी रेषा शोधू गेल्यास ती पानापानाला तुटलेली दिसते.

घराणे आपल्या भूमीपासून दूर गेले म्हणजे या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. दिल्लीतील करोल बागेत १९४७ च्या फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून उखडलेली कुटुंबे वसली. नोकरीच्या निमित्ताने आलेली बंगाली, तमिळ आणि मराठी कुटुंबेही त्या वस्तीत राहत आली. शेत, वाडा आणि कुलदैवत मागे राहिले म्हणजे वंशावळीच्या कागदाला फारसा अर्थ उरत नाही. घराण्याची आठवण तेव्हा आजी, आई, मावशी, आत्या यांच्या बोलण्यात टिकते. वंश पुरुषांचा असला तरी वंशाची कथा पुष्कळदा स्त्रियांच्याच स्वाधीन असते, ही गोष्ट अशा वस्तीत विशेष स्पष्ट होते.

ही कथा भारतीय भाषांत कोणी लिहिली, असे विचारल्यास पहिले नाव बंगालीतील आशापूर्णा देवींचे येईल. 'प्रथम प्रतिश्रुती' (१९६४), 'सुवर्णलता' (१९६७) आणि 'बकुलकथा' (१९७४) या कादंबरीत्रयीत सत्यवती, तिची मुलगी सुवर्णलता आणि नात बकुल अशा तीन पिढ्या येतात. आपल्या नऊ वर्षांच्या मुलीचे लग्न आपल्याला न कळवता लावले गेले, हे पाहून सत्यवती घर सोडते. पुढे तीच मुलगी संसारात कोंडली जाते. आणि नात लेखिका होऊन त्या दोघींची कहाणी सांगते. येथे आईपासून मुलीकडे जाते ती मालमत्ता नव्हे, तर एक अपुरी राहिलेली मागणी.

मराठीत अशी कादंबरीत्रयी नाही, असे म्हणून समीक्षक थांबतात. वस्तुतः मराठीतही स्त्रियांच्या पिढ्यांची कथा लिहिली गेली आहे. फक्त ती एका लेखणीने, एका ग्रंथात आणि एका वाङ्मयप्रकारात लिहिलेली नाही. कर्वे कुटुंबातील स्त्रियांचे लेखन हा त्याचा ठळक पुरावा होय.

या कथेचा आरंभ कर्व्यांच्या घराबाहेर होतो. अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले. लक्ष्मीबाईंनी ती विद्या आपल्या मुलीला दिली. ही मुलगी म्हणजे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२). १८८९ मध्ये रमाबाईंनी मुंबईत शारदासदन काढले, तेव्हा तेथे आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी देवरुखची गोदूबाई जोशी ही होती. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला. गोदूबाईची आनंदीबाई झाली, आणि पुढे 'बाया' या घरगुती नावाने ती ओळखली गेली. आईकडून मुलीला आणि शिक्षिकेकडून विद्यार्थिनीला असा हा वारसा येतो. त्याचे पहिले पाऊल रक्ताचे, दुसरे शाळेचे. आणि हे दुसरे पाऊल कोणत्याही कुलवृत्तान्तात मावणारे नाही.

बायांचे 'माझे पुराण' हे आत्मचरित्र १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. पती लोकोत्तर कार्य करीत असताना घराची ओढाताण कोण सोसतो, हे त्यात कोणताही आव न आणता सांगितले आहे. कर्व्यांच्या त्यागाची गाथा महाराष्ट्राला पाठ आहे. त्या त्यागाचा हिशेब बायांच्या पुस्तकात सापडतो. शीर्षकातला 'पुराण' हा शब्दही विचार करण्याजोगा आहे. बाईने स्वतःची हकीगत सांगत बसावे, तर लोक त्याला पुराण म्हणणार; तेव्हा तो शब्द तिने स्वतःच उचलला आणि त्यातला उपहास काढून घेतला.

पुढची पिढी माहेराने वेगळी. इरावती करमरकर १९०५ मध्ये ब्रह्मदेशात जन्मल्या. तेथील नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. पुण्यात त्या रँग्लर परांजपे यांच्या घरी वाढल्या, बायांच्या मुलाशी विवाह करून कर्वे झाल्या आणि बर्लिनला जाऊन मानववंशशास्त्राच्या डॉक्टर झाल्या. 'किन्शिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' (१९५३) या ग्रंथात त्यांनी आप्तसंबंधांचे प्रादेशिक भेद मांडले. उत्तरेत मुलगी दूरच्या, अपरिचित घरात दिली जाते. दक्षिणेत ती बहुधा नात्यातल्याच घरी जाते. महाराष्ट्रात दोन्ही रीतींच्या खुणा आढळतात. ज्या प्रश्नाने कादंबरीकार अडतो, त्याचेच हे शास्त्रीय रूप आहे.

परंतु इरावतीबाईंनी तो प्रश्न शास्त्रापुरता ठेवला नाही. 'परिपूर्ती' (१९४९) या संग्रहाच्या शीर्षकलेखात कोणाची सून, कोणाची पत्नी अशी ओळख करून दिली जात असताना काहीतरी राहून गेल्याची जाणीव लेखिकेला होते. ती उणीव भरून निघते रस्त्यावरच्या मुलांनी तिला वर्गमित्राची आई म्हणून ओळखल्यावर. या लेखातील विनोदाखाली एक बोच आहे. विदुषीची परिपूर्ती अखेर नात्याच्याच शब्दात व्हावी, याचे समाधान मानावे की खेद, हे लेख सांगत नाही. 'युगान्त' (१९६७) मध्ये त्यांनी महाभारत हे एका कुटुंबाचा इतिहास म्हणून वाचले आणि गांधारी, कुंती व द्रौपदी यांना सासुरवाशिणींच्या जागी ठेवून पाहिले. भारतीय वाङ्मयातील सर्वांत मोठ्या वंशकथेचे सुनांच्या बाजूने झालेले हे वाचन होय. या ग्रंथाला साहित्य अकादेमीचे पारितोषिक लाभले.

सासू आणि सून यांचे लेखन एकत्र ठेवणारे एक पुस्तक १९६३ मध्ये इंग्रजीत निघाले. दिनकर धोंडो कर्वे यांनी संपादिलेल्या 'द न्यू ब्राह्मन्स' या ग्रंथात बायांच्या आठवणींचा अनुवाद आहे आणि इरावतीबाईंचा सासऱ्यांवरील लेखही आहे. असा सासरा मिळाला याचे भाग्य मानताना, अशा पुरुषाची पत्नी व्हावे लागले नाही हेही भाग्यच, असा भाव त्या लेखात व्यक्त होतो. बायांनी जे सोसले त्याची साक्ष सुनेने दिली. पिढ्यांची कथा ती हीच: एकीचे मुकाट्याने भोगलेले दुसरीच्या लेखणीत विधान होऊन येते.

तिसऱ्या पिढीत ही कथा कल्पित वाङ्मयात शिरते. इरावतीबाईंच्या कन्या जाई निंबकर यांनी इंग्रजीत कादंबऱ्या लिहिल्या. धाकट्या गौरी देशपांडे (१९४२–२००३) यांनी मुख्यतः मराठीत. 'एकेक पान गळावया' (१९८०) पासून त्यांच्या नायिकांना पारतंत्र्याशी झगडण्याची गरज फारशी उरत नाही. मिळालेल्या स्वातंत्र्यात प्रेम, मुले आणि वय यांचे काय करावे, हा त्यांचा प्रश्न आहे. 'गोफ' (१९९९) मध्ये सासू आणि सून यांची आयुष्ये एकमेकींत गुंफली जातात. बाया-इरावतींचे नाते तेथे जणू कादंबरीच्या भाषेत पुन्हा विचारात घेतले जाते. गौरीबाईंच्या कन्या उर्मिला देशपांडे यांनी थियागो पिंटो बार्बोसा यांच्यासह २०२४ मध्ये आजीचे इंग्रजी चरित्र 'इरू' लिहिले. अशा रीतीने जोशी, करमरकर, कर्वे, निंबकर, देशपांडे अशी आडनावे बदलत जाणारी एक कथा आत्मचरित्र, शास्त्रीय ग्रंथ, ललितनिबंध, कादंबरी आणि चरित्र या प्रकारांतून पुढे जात राहिली.

मात्र या एकाच घराण्यावरून मराठी स्त्रियांच्या पिढ्यांचे सर्वसामान्य चित्र काढणे अन्यायाचे होईल. या स्त्रियांच्या पाठीशी शिक्षण होते, छापखाना होता, ऐकणारा समाज होता. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' मध्ये महारवाड्यातील आज्या, सासवा आणि सुना एका समूहाच्या रूपाने उभ्या राहतात. तेथे सासूचा जाच उपाशीपणातून येतो. ऊर्मिला पवार यांनी 'आयदान' (२००३) मध्ये आईचे बांबूचे विणकाम आणि आपले लेखन यांत एक वीण पाहिली. ज्या आईने अक्षर लिहिले नाही, तिलाही मुलीने लेखनपरंपरेत स्थान दिले. घराण्याच्या नावाशिवाय परंपरा कशी सांगता येते, हे या पुस्तकाने दाखविले.

समीक्षेचे काम येथून सुरू होते. आत्मचरित्र एका कपाटात, निबंध दुसऱ्यात आणि कादंबरी तिसऱ्यात ठेवण्याच्या सवयीमुळे मराठीतील ही वंशकथा आपल्याला दिसत नाही. अनुवादाच्या क्षेत्रातही तीच स्थिती आहे. 'युगान्त' इतर भाषांत गेले, म्हणजे लेखिकेचा एक ग्रंथ गेला. त्याच्या मागचे 'माझे पुराण' आणि पुढचे 'गोफ' त्याच्यासोबत पोहोचले, तर अन्य भाषांतील वाचकाला एक परंपरा मिळेल. सून, सासू, माहेर, सासर हे शब्द तेव्हा तळटीपेत कोंबावे लागणार नाहीत. एका पुस्तकात अडलेला शब्द वाचक दुसऱ्या पुस्तकात समजून घेईल. या ग्रंथांची एकत्र मालिका काढणे हे एखाद्या व्यक्तीच्या आवाक्यातले काम नाही. ते विद्यापीठांनी आणि अकादमींनी हाती घ्यावयास हवे.